पाळणाघरातलं गरम पाणी

चार वर्षांची असताना जिन्यातला दिवा गेला आणि ती दुसऱ्या मजल्यावर कठडा घट्ट धरून तासभर उभी राहिली. खाली यायला तयार होईना, वर जायलाही तयार होईना. तेव्हा मोठ्या भावाने तिला 'भित्री भागूबाई' म्हणून चिडवलं. पुढचं-मागचं गळून त्यातलं 'भागू' तेवढं उरलं. लग्नानंतर ते नवऱ्यानेही उचललं.

भागू खरोखरच भित्री होती. कुत्र्याला भ्यायची, अनोळखी नंबरवरून आलेल्या फोनला भ्यायची, सही करायची वेळ आली की कागद तीनदा वाचायची. हे तीनदा वाचणं वडिलांकडून आलेलं. वडील एका दवाखान्यात कंपाउंडर होते. फळीवरून बाटली काढताना लेबल वाचायचे, औषध ओतताना वाचायचे आणि बाटली परत ठेवताना पुन्हा वाचायचे.

"बाबा, एकदा वाचलं होतं ना?" ती विचारायची.

"अगं, हात सवयीने चालत राहतो. डोळ्याला मध्येमध्ये जागं करावं लागतं."

अशा घरातली मुलगी रसायनशास्त्राकडे गेली यात नवल नव्हतं. प्रयोगशाळेत तिच्या भीतीला काम मिळालं. एकच मोजमाप चार वेळा करणारी म्हणून मैत्रिणी हसायच्या, पण तिचे आकडे कधी चुकत नसत. पुढे सात वर्षं तिने विद्यापीठात तात्पुरती म्हणून शिकवलं. दरवर्षी नवा करार, दरवर्षी तीच टांगती तलवार. आठव्या वर्षी जाहिरात आली: पर्यावरण आरोग्य आणि रसायनशास्त्र या विषयाची कायम जागा, विद्यापीठातली पहिलीच. हवेतून, पाण्यातून, घराच्या रंगातून माणसाच्या शरीरात नकळत काय काय जातं ते मोजायचं आणि मुलांनाही मोजायला शिकवायचं, असं ते काम. भागूची निवड झाली. पहिली दोन वर्षं परिवीक्षेची होती. काम नीट झालं तर शेवटी कायम केल्याचं पत्र मिळणार होतं.

ती रुजू झाली तेव्हा तिची ठकू सहा महिन्यांची होती. त्याच सुमारास रसायनशास्त्राच्या इमारतीमागे, जुन्या गोदामाची डागडुजी करून, विद्यापीठाने कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी पाळणाघर सुरू केलं. भिंतींना पिवळा रंग, खाली गुबगुबीत चटया, आणि स्वयंपाकघरात नळ सोडला की लगेच गरम पाणी देणारा हीटर. खुद्द कुलगुरू उद्घाटनाला आले होते. पाळणाघराच्या ताई त्या हीटरवर बेहद्द खूश होत्या. "दुधाची पावडर कालवायला पाणी तापवत बसायला नको," असं येईल त्या आईला सांगायच्या.

तिथे तेवीस मुलं होती. त्यात भागूची ठकू आणि तिच्याच लॅबमध्ये काचेची भांडी धुणाऱ्या मावशींची नात. ही नात एका जागी म्हणून ठरायची नाही, म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणायचे. तिची आई दुसऱ्या गावी कामाला होती, पोर आजीच्याच अंगाखांद्यावर वाढत होती. रोज संध्याकाळी मावशी आणि भागू बरोबरच पाळणाघराकडे निघायच्या. एकीच्या कडेवर ठकू, दुसरीच्या हातातून निसटणारी भिंगरी, आणि गेटपर्यंत गप्पा.

असं जवळजवळ पावणेदोन वर्षं सुरळीत चाललं. भागूच्या फाइलवर सगळे शेरे चांगले पडले होते. येत्या सोमवारी अकरा वाजता बैठक होती आणि त्यात तिला कायम करण्याचा विषय होता.

त्याच्या आधीच्या बुधवारी दुसऱ्या वर्षाच्या मुलांचं प्रात्यक्षिक होतं. आवारातल्या वेगवेगळ्या नळांचं पाणी आणायचं आणि त्यात शिसं किती ते यंत्रावर मोजायचं. भागूने वीस बाटल्या काढल्या होत्या, विद्यार्थी एकोणीस. एक बाटली उरली. सकाळी आठला ठकूला सोडायला गेली तेव्हा तिने ती पाळणाघराच्या गरम पाण्याच्या नळाखाली धरली. तो नळ जवळ होता, बाकी काही कारण नव्हतं.

चालायची मर्यादा लिटरमागे दहा मायक्रोग्रॅमची. वसतिगृहाच्या पाण्यात दोन आलं, ग्रंथालयाच्या पाण्यात एक, उपाहारगृहाच्या पाण्यात तीन. वीस नंबरच्या बाटलीला यंत्राने अडुसष्ट दाखवलं.

तिला वाटलं, आपल्याच हातून काहीतरी बिघडलं. तिने आम्ल बदललं, नळी धुतली, काहीच नसलेलं शुद्ध पाणी लावलं. शून्य आलं. पुन्हा वीस नंबर लावला. एकाहत्तर.

"मॅडम, वीस नंबरचं किती लिहू?" वही घेऊन एक मुलगी विचारत होती.

"ते... ते माझ्याकडून खराब झालं," भागू म्हणाली. "सोडून दे."

मुलं गेल्यावर ती स्टुलावर बसली आणि मनातल्या मनात मोजू लागली. ठकू पाळणाघरात जायला लागून किती महिने झाले, दिवसाला दूध किती वेळा, एका बाटलीत पाणी किती. हिशेब संपेना. शिसं लहान मुलांच्या मेंदूचं काय करतं यावर तिने गेल्याच महिन्यात तासभर व्याख्यान दिलं होतं. त्याला ना वास ना चव. पोर खेळतं, हसतं, वरून काही म्हणता काही दिसत नाही.

गुरुवारी तिने ठकूला घरीच ठेवलं. नवरा घरी बसून शाळेच्या पुस्तकांसाठी नकाशे काढायचा, त्यामुळे अडचण नव्हती. "थोडं अंग गरम लागतंय," असं तिने त्याला सांगितलं आणि पाळणाघरात ताप आल्याचं कळवलं. मग ठकूची चादर राहिली असा बहाणा करून ती स्वतः तिथे गेली. ताई मुलांना चटईवर बसवत होत्या तेवढ्यात तिने चार बाटल्या भरून पर्समध्ये टाकल्या. गरम पाणी, थंड पाणी, दोन्हीतलं पहिलं आणि थोडं सोडून दिल्यावरचं. दुपारपर्यंत चित्र स्पष्ट झालं. थंड पाणी ठीक होतं. गरम पाण्यात पहिल्या धारेला सहासष्ट, सोडून दिल्यावरही तीसच्या वर. दोष हीटरमध्ये होता.

म्हणजे गुरुवारी दुपारी एक वाजता तिला पक्कं ठाऊक होतं. आता शंकेला जागा नव्हती.

ती उठली, दारापर्यंत गेली आणि परत फिरली. पाळणाघराची डागडुजी विभागप्रमुखांच्याच देखरेखीखाली झालेली. सोमवारच्या बैठकीत तिची बाजू तेच मांडणार. आणि सात वर्षं दर जूनमध्ये नव्या कराराची पाहिलेली वाट तिला आठवली. पण एवढंच असतं तर कदाचित ती गेली असती. तिला सगळ्यात जास्त भीती वेगळीच होती. आपण बोललो की पहिला प्रश्न येणार, "तुमच्या मुलीचं काय?" आणि त्याचं उत्तर मोठ्याने ऐकायची तिची छाती होत नव्हती. आधी ठकूचं कळू दे, मग बघू, असं तिने स्वतःला समजावलं. शुक्रवारी सकाळी तिने ठकूचं रक्त तपासायला दिलं. रिपोर्ट सोमवारी मिळेल असं तिथल्या माणसाने सांगितलं.

त्याच दुपारी मावशी सिंकपाशी चंचुपात्रं घासत होत्या. पाठमोऱ्याच म्हणाल्या, "ठकूचा ताप उतरला का हो? आमची भिंगरी सारखी तिचं नाव घेते. ठकू नाही तर ठकूच्या वाटचंही दूध पिते म्हणे कार्टी! ताई सांगत होत्या, दोन-दोन बाटल्या फस्त करते."

भागूने तोंड उघडलं. "उतरतोय," एवढंच बाहेर आलं.

तिला राहवलं नाही म्हणून ती पाळणाघरात गेली. ताईंनी ओट्यावर बाटल्या ओळीने मांडल्या होत्या आणि नळाखाली एकेक धरत होत्या.

"ताई, आधी थोडं पाणी सोडून देत जा ना. मग भरा."

"का हो मॅडम? पाणी वाया जातं."

"नाही... असंच. सवय चांगली."

ताईंनी मान डोलावली आणि पुढची बाटली धरली. भिंगरी दोन्ही हात वर करून ओट्याखाली उभी होती. बाटली हातात पडताच ती तिथेच फतकल मारून बसली आणि डोळे मिटून चोखायला लागली. भागू बघत राहिली. मग ती बाहेर पडली, लॅबमध्ये आली आणि दाराला आतून कडी घालून रडली. शनिवार-रविवार पाळणाघर बंद असतं, या विचाराने तिला बरं वाटलं आणि बरं वाटलं याची लाज वाटली.

रविवारी सकाळी नवरा स्वयंपाकघरात आला तेव्हा ती ठकूची स्वच्छ धुतलेली बाटली पुन्हा धूत होती.

"किती वेळा धुणार आहेस ती? आणि ताप कुठे आहे ठकूला? तीन दिवस बघतोय, घरभर उड्या मारतेय."

भागूने नळ बंद केला आणि सगळं सांगून टाकलं. नवरा हळूच खुर्चीत बसला. बराच वेळ तो ठकूकडेच बघत होता. ती टेबलाखाली बसून चमचा आपटत होती.

"रिपोर्ट उद्या?"

"हो."

"आणि बाकीच्या मुलांचं?"

"आज बंद असतं."

"गुरुवारी होतं ना उघडं? शुक्रवारी?"

भागूने बाटली उलटी करून ओट्यावर ठेवली.

"उद्या सांगणार आहेस ना?"

"अकराला बैठक आहे."

"मी बैठकीचं विचारलं नाही, भागू." त्याचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर तिला सोपं गेलं असतं.

सोमवारी साडेसातला ती पाळणाघराच्या दारात उभी होती. दोन दिवस हीटरमध्ये साचून राहिलेलं पाणी सगळ्यात वाईट असणार, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? ताईंनी कुलूप काढलं तशी ती सरळ आत गेली, ओट्याखाली वाकली आणि हीटरकडे जाणारा कॉक फिरवायला लागली. कॉक घट्ट बसला होता. पकड निसटत होती. शेवटी ओढणीचं टोक गुंडाळून तिने तो बंद केला.

"अहो मॅडम, हे काय चाललंय? मुलं येतील आता!"

"गरम पाणी बंद. त्यात शिसं आहे, ताई. थंड पाणी चांगलं आहे, ते उकळून निववून वापरा. भरून ठेवलेलं गरम पाणी ओतून द्या."

"शिसं म्हणजे?" ताईंचा चेहरा उतरला. "मी स्वतः पाजलंय हो सगळ्यांना. माझ्या हाताने."

"तुमची चूक नाही. तुम्हाला काय माहीत असणार?" भागू म्हणाली आणि आपल्याच वाक्याने तिला चटका बसला.

तिथून ती विभागप्रमुखांकडे गेली. त्यांनी आकडे दोनदा पाहिले. माणूस वाईट नव्हता, पण तोही घाबरला होता आणि ते लपवायला कागद नीट लावत होता.

"मॅडम, किती बाटल्या तपासल्या?"

"पाच, सर. प्रत्येक तीनदा."

"बाहेरच्या प्रयोगशाळेकडून खात्री करून घेऊ. आज तुमची बैठक आहे. दुपारी शांतपणे बसून बोलू. उगाच आई-बापांची घाबरगुंडी उडवण्यात काय अर्थ आहे?"

"त्यांना कळायला हवं, सर. मुलांचं रक्त तपासायला हवं."

"मी नाही कुठे म्हणतोय? दुपारी."

"मी दारावर सूचना लावते," असं म्हणून ती उठली. ते मागून काहीतरी म्हणाले, ते तिने ऐकलं नाही. तिने एका कागदावर मोठ्या अक्षरांत चार ओळी लिहिल्या: गरम पाण्याच्या नळात शिसं सापडलं आहे, तो बंद केला आहे, सर्व मुलांचं रक्त तपासून घ्यावं. खाली सही केली. या वेळी मात्र तिने कागद तीनदा वाचला नाही.

नऊपर्यंत दारापाशी घोळका जमला. कुणी फोन लावत होतं, कुणी ओरडत होतं, एक बाप आपल्या पोराला छातीशी धरून नुसता उभा होता. मावशी भिंगरीला घेऊन आल्या. त्यांना कुणीतरी सूचना वाचून दाखवली. त्या गर्दीतून वाट काढत भागूपुढे येऊन उभ्या राहिल्या.

"मॅडम, तुम्हाला कधी कळलं?"

'आज' म्हणणं किती सोपं होतं. सूचनेवर तारीख आजचीच होती. वहीत वीस नंबरपुढे काहीच लिहिलेलं नव्हतं.

"बुधवारी," भागू म्हणाली. "गुरुवारी पक्कं कळलं."

मावशी मनाशी दिवस मोजत होत्या. ते त्यांच्या ओठांवरून दिसत होतं. "म्हणून ठकूला ताप होता," त्या म्हणाल्या.

"हो."

"आणि मी भांडी घासत होते तेव्हा तुम्ही मागे उभ्या होतात."

भागूला मान वर करवेना. मावशींनी भिंगरीला उचललं आणि त्या चालू पडल्या.

दहा वाजता ठकूचा रिपोर्ट फोनवर कळला. रक्तातलं शिसं पाचाच्या आत हवं होतं, नऊ होतं. डॉक्टर म्हणाले, यावर औषध द्यायची गरज नाही. पाणी बदललंय, आता खाण्यापिण्याकडे नीट लक्ष द्या आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासा. "काही नुकसान झालं असेल का?" तिने विचारलं. "असेल किंवा नसेलही. आज कुणी सांगू शकणार नाही," ते म्हणाले. हे उत्तर तिला ठाऊकच होतं. विद्यार्थ्यांना तिने ते शब्दशः असंच सांगितलेलं. स्वतःच्या पोरीबद्दल ते ती पहिल्यांदाच ऐकत होती.

बैठकीत तिची फाइल बाजूला ठेवली गेली. चौकशी नेमली. हीटर कापून पाहिला तेव्हा आतले सगळे सांधे शिशाचा डाग देऊन जोडलेले निघाले. तेवीसपैकी चौदा मुलांच्या रक्तात शिसं मर्यादेपेक्षा जास्त होतं. चौकशीत भागूला दोन गोष्टी विचारल्या. परवानगीशिवाय सूचना का लावली, आणि गुरुवारी दुपारपासून सोमवार सकाळपर्यंत काय केलं. पहिल्याचं उत्तर तिने दोन ओळींत दिलं. दुसऱ्यासाठी तासांसकट सगळं लिहून दिलं, शुक्रवारचं 'सवय चांगली' हे वाक्यही सोडलं नाही. विभागप्रमुखांनी वाचून विचारलं, "हे एवढं सगळं लिहायलाच हवं का?" ती म्हणाली, "हो, सर." परिवीक्षा एक वर्षाने वाढली. त्या वर्षात पालकांपैकी काहींनी तिचे आभार मानले आणि काहींनी तिला पाहून रस्ता बदलला. दोघांचंही तिला पटत होतं. कायम केल्याचं पत्र पुढच्या वर्षी आलं. त्या दिवशी घरी ठकूला सर्दी झाली होती, त्या गडबडीत ते दोन दिवस पर्समध्येच राहिलं.

मावशी पंधरा दिवस रजेवर होत्या. परत आल्या तेव्हा काम पहिल्यासारखंच चोख होतं, बोलणं मात्र कामापुरतं. भिंगरीचं चौदा निघालं होतं. भागूने एकदा सिंकपाशी जाऊन माफी मागितली. मावशींनी हात पुसले.

"माफीचं राहू द्या, मॅडम. पोरीचं काय होईल ते सांगा."

"ते कुणालाच सांगता येत नाही, मावशी. मलाही नाही."

"मग इतकं शिकून काय उपयोग?" त्या रागाने म्हणाल्या नाहीत. त्यांना खरंच विचारायचं होतं.

संध्याकाळी गेटपर्यंत बरोबर जाणं बंद झालं. भागू खिडकीतून बघायची, मावशी आणि भिंगरी निघून गेल्या की मग उतरायची. ठकू एखादा शब्द विसरली, चालताना अडखळली, हट्टाने लोळली, की तिला शिसंच आठवायचं. सगळीच मुलं विसरतात, लोळतात, हे तिला नवरा सांगायचा. तिला पटायचं आणि रात्री पुन्हा पटेनासं व्हायचं.

तीन महिन्यांनी भिंगरीचं अकरा आलं, हे तिला ताईंकडून कळलं. त्यानंतरच्या तपासणीला मात्र मावशी स्वतःच लॅबमध्ये आल्या. हातात लिफाफा होता, न फोडलेला. भिंगरी त्यांच्या पदराला धरून उभी होती. इकडेतिकडे पळत नव्हती. अनोळखी जागा म्हणून की आणखी कशामुळे, हा प्रश्न भागूच्या मनात आलाच.

"तिथला माणूस भराभरा बोलतो, मला कळत नाही," मावशी म्हणाल्या. "तुम्ही वाचा. जे असेल ते सांगा."

भागूने लिफाफा फोडला. कागद उलगडून तिने तो टेबलावर ठेवला आणि हाताने दाबून धरला.

"सहा," ती म्हणाली. "आधी अकरा होतं. उतरतंय. अजून पाचाच्या आत नाही."

"कुठे लिहिलंय?"

भागूने बोट ठेवून दाखवलं. मावशींनी त्या आकड्याकडे डोळे बारीक करून बराच वेळ पाहिलं.

"अजून नीट बोलत नाही ती," त्या म्हणाल्या. "तिच्याएवढ्या पोरी केवढ्या बडबडतात. हे त्यामुळेच का?"

"असू शकतं, मावशी. नसेलही. काही मुलं उशिराच बोलतात. आपण तिला बोलायला शिकवणाऱ्या डॉक्टरांकडे नेऊ या. मी येते बरोबर."

मावशींनी कागदाची घडी घालून ब्लाउजमध्ये खोचली. येते म्हणालात ते ठीक, असंही म्हणाल्या नाहीत आणि नको असंही नाही. "या गुरुवारी माझी सुट्टी आहे," एवढं म्हणून त्यांनी भिंगरीचा हात धरला.

गुरुवारी सकाळी भागू त्या डॉक्टरांच्या दवाखान्याजवळच्या बसथांब्यावर ठरल्या वेळेच्या अर्धा तास आधीच जाऊन उभी राहिली. मावशी येतील की नाही याची तिला धाकधूक होती. पहिल्या दोन बसमधून त्या उतरल्या नाहीत. तिसरीतून उतरल्या.